हावडा स्थानकावरची सुई: पाकूड खून खटल्याचा अभ्यास

२६ नोव्हेंबर १९३३ रोजी कलकत्त्याच्या हावडा स्थानकावर एक जमीनदार कुटुंब पाकूडला जाणारी गाडी गाठण्यासाठी गर्दीतून वाट काढत चालले होते. अंगावर खादी पांघरलेला एक बुटका, सावळा माणूस समोरून आला, त्यांच्यातील विशीतल्या तरुणाला घासून गेला आणि क्षणात गर्दीत मिसळला. तरुणाला उजव्या दंडावर काहीतरी टोचल्यासारखे वाटले. त्याने बाही वर करून पाहिले, तर टोचल्याची एक बारीक खूण दिसत होती. या तरुणाचे नाव अमरेंद्रचंद्र पांडे. आठ दिवसांनी, ४ डिसेंबर रोजी, तो कलकत्त्यात मरण पावला. मृत्यूनंतर हाती आलेल्या रक्ताच्या अहवालात प्लेगचे जंतू सापडले होते.

माणसाने माणसाला प्लेग टोचून मारल्याचे हे प्रकरण न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत आजही शिकवले जाते, पण तिथे ते बहुधा दोन-चार ओळींत आटोपते. विचित्र मृत्यूंच्या याद्यांमध्ये त्याचा उल्लेख होतो, तोही केवळ नवल म्हणून. माझ्या मते या प्रकरणाचे मोल त्याच्या विचित्रपणात नाही. ज्या खुनात हत्यार मिळाले नाही, हल्लेखोर सापडला नाही आणि तक्रार होईपर्यंत मृतदेहही उरला नव्हता, तो खून कागदांच्या आणि एका रक्ततपासणीच्या आधारावर सिद्ध झाला. त्या कागदांपैकी महत्त्वाचे कागद मुंबईतले होते, आणि म्हणून हे प्रकरण मराठी वाचकाने नीट समजून घ्यावे असे वाटते.

घर आणि वाटणी

पाकूड आज झारखंडमध्ये आहे. त्या काळी ते बिहार आणि ओरिसा प्रांतातील संथाळ परगण्यात होते. तिथल्या जमीनदारीचे मालक १९२९ साली वारले आणि मागे दोन सावत्र भाऊ राहिले, थोरला विनयेंद्र आणि धाकटा अमरेंद्र. अमरेंद्र अज्ञान असल्यामुळे सगळा कारभार विनयेंद्रच्या हाती गेला. विनयेंद्रला मद्याचा आणि कलकत्त्याच्या चैनीचा नाद होता, आणि इस्टेटीचे उत्पन्न त्या वाटेने जात होते. अमरेंद्र शिकत होता, गावात लोकांच्या मर्जीतला होता आणि घरातील निपुत्रिक विधवा राणी सूर्यवती यांनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळले होते. राणींची स्वतःची मालमत्ताही मोठी होती, आणि त्यांचा जीव कोणावर आहे हे घरात सर्वांना दिसत होते.

१९३२ च्या सुमारास अमरेंद्र सज्ञान झाला आणि आपल्या निम्म्या हिश्शाविषयी बोलू लागला. इथवरची हकीकत आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यातली वाटावी इतकी ओळखीची आहे. भाऊबंदकीत माणसे कोर्टात जातात, बांध कोरतात, प्रसंगी काठ्याही चालवतात. इथे थोरल्या भावाने गाठला तो एक जंतुशास्त्रज्ञ. कलकत्त्यातील डॉ. तारानाथ भट्टाचार्य हा या कटातला दुसरा माणूस, आणि विनयेंद्रला जे कधीच जमले नसते ते ज्ञान त्याच्याकडे होते.

देवघरचा चष्मा

१९३२ च्या शरद ऋतूत अमरेंद्र देवघरला राहायला होता. विनयेंद्र तिथे त्याला भेटायला गेला आणि फिरायला नेऊन त्याने त्याला एक चष्मा भेट दिला. कानांवर काड्या नसलेला, नाकाच्या दांड्याला चिमट्यासारखा धरून बसणारा चष्मा त्या काळी सर्रास वापरात होता. तो त्याने अमरेंद्रच्या नाकावर असा दाबून बसवला की कातडी सोलली गेली. काही दिवसांतच अमरेंद्रला धनुर्वात झाला.

धनुर्वाताविरोधी सीरम वेळेवर मिळाल्याने तो वाचला, तरी त्याची प्रकृती नंतर बराच काळ खालावलेलीच राहिली. आजाराची बातमी कळताच विनयेंद्र कलकत्त्याहून आपल्या पसंतीचे डॉक्टर घेऊन आला, त्यांत तारानाथही होता. खटल्यात पुढे हा प्रसंग खुनाचा पहिला प्रयत्न म्हणून मांडला गेला. या प्रसंगाचा एक तपशील मला फार बोलका वाटतो. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, गंजलेल्या खिळ्यावर, कुठेही असतात. एखाद्याला नाकावरच्या खरचटण्यातून धनुर्वात झाला, तर कोणीही दैवाला दोष देऊन गप्प बसेल. रोगाच्या आडून मारण्याची कल्पना त्याच वेळी पक्की झालेली होती. बदलला तो केवळ रोग.

प्लेग मागणारी तार

धनुर्वाताचे जंतू मिळवणे अवघड नव्हते, पण प्लेगचे तसे नव्हते. १९३० च्या दशकात प्लेगचे जिवंत कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू, मिळण्याचे देशातील मुख्य ठिकाण म्हणजे परळची हाफकिन संस्था. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

प्लेगचा जंतू वाढवणे हे तिथले रोजचे काम होते. हाफकिन यांची पद्धत ऐकायला साधी वाटते. मांसाच्या पातळ रशात तुपाचे थेंब सोडायचे, ते पृष्ठभागावर तरंगतात, आणि प्रत्येक थेंबाखाली जंतूंची वाढ गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली उतरू लागते. बाटली हलवली की सुळके तळाशी गळून पडतात आणि थेंबाखाली नवे धरू लागतात. असे पुरेसे पीक आले की बाटली तापवून जंतू मारायचे, आणि मग तेच द्रावण माणसाचे रक्षण करते. सूक्ष्मदर्शकाखाली रंग दिलेला हा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना तो मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा असतो असे सांगतात. न तापवलेल्या बाटलीतील काही थेंब आणि तापवलेल्या बाटलीतील तेवढेच थेंब डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणूनच अशी नळी कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न फार मोठा असतो.

१९३२ मध्ये तारानाथने हाफकिन संस्थेला तार करून प्लेगच्या कल्चरची मागणी केली. संस्थेच्या संचालकांनी त्याला बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी घेऊन येण्यास कळवले. कोणाही कारकुनाला सुचेल असे हे उत्तर आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील ती सर्वांत मोलाची कृती आहे. त्या एका अटीने त्याची वाट अडली, आणि एक खासगी डॉक्टर प्लेगचे जंतू मागतो आहे ही गोष्ट मृत्यूच्या कितीतरी आधी लेखी नोंदली गेली. पुढे त्याने कलकत्त्यातील एका मान्यवर डॉक्टरांच्या प्रयोगशाळेचा आश्रय घेतला. आपल्याला प्लेगवर औषध सापडले असून त्याची चाचणी घ्यायची आहे, असे त्याने सांगितले. त्या प्रयोगशाळेमार्फत मुंबईहून कल्चर आलेही, पण त्यापासून पुढची वाढ धरली नाही. या कामाची सवय असलेल्यांना हे ठाऊकच असते की हा जंतू सावकाश वाढतो आणि निष्काळजी हाताखाली तग धरत नाही.

मुंबईतील जुलै महिना

१९३३ च्या उन्हाळ्यात विनयेंद्र स्वतः मुंबईत येऊन राहिला. हाफकिन संस्थेतील पशुवैद्यकांना गाठून त्यांना पैशाचे आमिष दाखवण्याचा त्याने प्रयत्न केला, पण तो फसला. मग आर्थर रोडच्या साथीच्या रोगांच्या रुग्णालयाकडे दोघांचा मोर्चा वळला. हे रुग्णालय म्हणजे चिंचपोकळीचे आजचे कस्तुरबा रुग्णालय. तिथे तारानाथला संशोधनासाठी प्रयोगशाळेत काम करण्याची मुभा मिळाली, आणि त्या कामासाठी लागणारे प्लेगचे कल्चर रुग्णालयाच्या नावाने हाफकिन संस्थेतून आले. ज्या संस्थेने एकट्या डॉक्टराला परवानगीपत्र मागितले होते, तिने एका सरकारमान्य रुग्णालयाला कल्चर देताना संशय घ्यावा असे काही कारणही नव्हते.

त्या प्रयोगशाळेत जुलै महिन्यात तारानाथने पांढऱ्या उंदरांना जंतू टोचले आणि ते उंदीर मेले. थोड्याच दिवसांत त्याने काम गुंडाळले आणि दोघेही कलकत्त्याला परतले. ज्या औषधासाठी ही सगळी खटपट असल्याचे सांगितले होते, त्याची चाचणी तिथेच राहून गेली. कल्चर जिवंत आहे आणि मारक आहे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

रुग्णालयातील डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. ओळखीचे पत्र, डॉक्टरकीची पदवी आणि संशोधनाचा हेतू या तिन्ही गोष्टी समोर असताना प्रयोगशाळेचे दार उघडणे हाच त्या काळचा शिष्टाचार होता. आजही अनेक ठिकाणी तोच आहे. तरीही पहिल्या वेळी ज्या लेखी अटीने दार बंद राहिले, ती अट दुसऱ्या वेळी संस्थेच्या नावामागे अदृश्य झाली, हे नोंदवणे भाग आहे. परवानगी मागायची ती संस्थेकडे नसून त्या नळीला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाकडे, हा धडा प्रयोगशाळांनी शिकायला आणखी बराच काळ गेला.

रक्ताची नळी

हावडा स्थानकावर निरोप द्यायला विनयेंद्र न बोलावता हजर होता. अमरेंद्रने दंडावरची खूण दाखवली तेव्हा नातेवाइकांपैकी एकाने प्रवास थांबवून रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरला. विनयेंद्रने तो हसण्यावारी नेला. गाडी सुटली आणि अमरेंद्र पाकूडला गेला. घरच्यांच्या मनातली शंका मात्र गेली नाही. देवघर ते विसरले नव्हते. त्यांच्या आग्रहामुळे तो २९ नोव्हेंबरला उपचारांसाठी कलकत्त्यात परत आला. डॉ. नलिनी रंजन सेनगुप्ता यांनी त्याला तपासले. दंडावरची खूण इंजेक्शनच्या सुईची आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि रक्ताचे कल्चर करण्याचे, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याचे, ठरले.

या निर्णयावर सगळे प्रकरण उभे आहे, असे मी म्हणेन. १९३३ च्या कलकत्त्यात ताप असलेल्या रुग्णाच्या रक्ताचे कल्चर करणे ही नित्याची गोष्ट नव्हती. शहरात प्लेगची साथ नसल्यामुळे कोणा डॉक्टरच्या मनात प्लेग येण्याचेही कारण नव्हते. रक्त तपासले गेले नसते, तर ताप, फुप्फुसांत उतरलेला जंतुसंसर्ग, असे काहीतरी निदान होऊन फाइल बंद झाली असती. खुनी नेमके याच गोष्टीवर विसंबून होते. प्लेगला तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी दहा वर्षे होती. दंडात टोचलेले जंतू काखेतील गाठींत पोहोचतात, तिथून रक्तात उतरतात, आणि एकदा रक्तात पसरले की त्या काळी रुग्ण हाती लागत नसे. अमरेंद्रच्या बाबतीत खून सुईच्या टोकाशीच पूर्ण झाला होता. पुढचे आठ दिवस ते कोणालाच ठाऊक नव्हते.

४ डिसेंबरला तो गेला. देहाचे दहन झाले. नंतर कल्चरचा निकाल आला: प्लेग. शवविच्छेदनाची शक्यताच उरली नव्हती, म्हणून अमरेंद्रच्या शरीराचा न्यायालयापुढे येऊ शकेल असा एकमेव भाग म्हणजे जिवंतपणी काढलेले ते थोडेसे रक्त आणि त्यातून वाढलेले जंतू.

न्यायालयासमोरचा प्रश्न

जानेवारी १९३४ मध्ये नातेवाइकांनी कलकत्ता पोलिसांकडे तक्रार दिली आणि फेब्रुवारीत विनयेंद्रला अटक झाली. तारानाथ आणि आणखी दोन डॉक्टरांवरही खटला भरला गेला. आरोप खुनाचा आणि खुनाच्या कटाचा होता.

या खटल्यातील मूळ अडचण वकिलांना न सांगताही कळावी अशी होती. सुई टोचणारा माणूस कधीच ओळखला गेला नाही. सुई मिळाली नाही. विनयेंद्र स्थानकावर होता, पण त्याने अमरेंद्रला हातही लावला नव्हता. तारानाथचा तर हावड्याच्या प्रसंगाशी थेट संबंध दिसत नव्हता. आणि मुळात, प्लेग हा आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतलेला रोग होता. तो या तरुणाला पिसवेच्या चाव्यातून झाला नसेल कशावरून?

सरकार पक्षाने उत्तर दिले ते परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीने. कलकत्त्याचे पोलीस मुंबईपर्यंत गेले. तारानाथची तार आणि हाफकिन संस्थेचे उत्तर, आर्थर रोडच्या रुग्णालयात झालेले काम, उंदरांवरचे प्रयोग, त्याच काळात विनयेंद्रचा मुंबईतील मुक्काम दाखवणाऱ्या हॉटेलांच्या नोंदवह्या, हे सगळे एकामागून एक पुढे आले. ज्या जंतूने अमरेंद्र मेला, तोच जंतू आरोपींपैकी एकाने वर्षभर धडपडून मिळवला होता, आणि त्या धडपडीत दुसरा आरोपी त्याच्या सोबत होता. या दुसऱ्या आरोपीला मृत्यूचा फायदा होणार होता. साथ नसलेल्या शहरात, दंडावर ताजी सुईची खूण असलेल्या एकाच तरुणाला प्लेग झाला होता. यांतला प्रत्येक दुवा सुटा घेतला तर योगायोग म्हणून सोडून देता येतो. एकत्र ठेवल्यावर मात्र योगायोगाला जागा राहत नाही.

पुरावा गोळा करणाऱ्यांचा इथे मला मनापासून आदर वाटतो. बोटांच्या ठशांच्या पलीकडे फारसे शास्त्र हाताशी नसलेल्या काळात त्यांनी एका जंतूचा माग कलकत्त्यापासून परळपर्यंत काढला. आज अशा प्रकरणात जनुकीय तपासणीने रक्तातील जंतू आणि प्रयोगशाळेतील जंतू एकच वाणाचे आहेत का, हे पाहता येते. तेव्हा हे काम नोंदवही, तारेचा कागद आणि साक्षीदाराची स्मृती यांनाच करावे लागले. लंडनमध्ये १९७८ साली बल्गेरियन लेखक गिऑर्गी मार्कोव्ह यांना वॉटर्लू पुलाजवळ मांडीत रायसिन या जहाल विषाची बारीक गोळी घालून मारले गेले. ते प्रकरण जगभर गाजले, आणि रस्त्यावरच्या गर्दीत टोचून केलेला खून म्हटला की बहुतेकांना तेच आठवते. हावड्याची घटना त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधीची आहे. मार्कोव्ह यांच्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. पाकूडच्या प्रकरणात झाली.

मुंबईच्या संस्थेसाठी या खटल्यात एक जुना सल होता, तोही सांगायला हवा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिन यांच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिन यांची कारकीर्द त्याखाली चिरडली. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. धनुर्वात आणि प्लेग, विनयेंद्रने निवडलेले हेच दोन रोग त्या संस्थेच्या इतिहासात आधीच एकत्र आलेले होते. मुलकोवालमध्ये एका नकळत झालेल्या चुकीसाठी निरपराध शास्त्रज्ञाला पाच वर्षे झुंजावे लागले. हावड्यात त्याच विद्येचा जाणूनबुजून गैरवापर झाला, आणि तो उघडकीला आणण्यात संस्थेने पाठवलेल्या एका साध्या उत्तराचा वाटा होता.

फेब्रुवारी १९३५ मध्ये सत्र न्यायालयाने विनयेंद्र आणि तारानाथ या दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. इतर दोन डॉक्टर सुटले. जानेवारी १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने दोघांचाही अपराध कायम ठेवला आणि फाशीऐवजी जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दोघांना अंदमानला पाठवले गेले. खादी पांघरलेला, बुटका, सावळा, एवढेच वर्णन मागे ठेवून हावड्याच्या गर्दीत शिरलेल्या माणसाचे नाव मात्र न्यायालयाला शेवटपर्यंत लिहिता आले नाही.